मुंबईत फ्लॅट विकताना: कागद कुठे अडकतात आणि घाई अंगावर आली की काय करायचं

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो. या काळात बरेच फ्लॅट विकले गेले आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त सौद्यांची फाइल कुठे ना कुठे अडकली. कोर्टकचेरीमुळे अडकलेली फाइल एखादीच. बाकी सगळ्यांचं दुखणं एकच होतं: आधी ब्रोकर, मग भाव, मग टोकन, म्हणजे सौदा ठरवताना खरेदीदाराने दिलेली आगाऊ रक्कम, आणि सगळ्यात शेवटी कपाटातले कागद. टोकन हातात पडलं की घड्याळ सुरू होतं. त्यानंतर सापडलेली प्रत्येक उणीव महाग पडते, कारण समोरच्याला तुमची अडचण कळलेली असते.

उशीर होणारच, हे धरून चाला. तो टोकनच्या आधी झाला तर तुमच्या सोयीने होतो. टोकननंतर झाला तर भाव पाडायचं कारण बनतो.

## १. जाहिरातीच्या आधी फाइल

घर दाखवायला सुरुवात करायच्या निदान दोन महिने आधी एक फाइल करा. तिच्यात हे हवं: बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेल्या करारापासून तुमच्यापर्यंतचे सगळे करार, म्हणजे ब्रोकरांच्या भाषेत पूर्ण चेन, प्रत्येक कराराची रजिस्ट्रेशनची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या कराराचा सरकारी गोषवारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड, मेंटेनन्सचं ताजं बिल आणि पावती, मालमत्ता कराची पावती.

आता नुसतं मोजू नका, वाचा. माझ्या मावशीच्या पार्ल्याच्या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट काकांनी कौतुकाने लॅमिनेट करून ठेवलं होतं. हस्तांतराची नोंद सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला करून पदाधिकारी सह्या करतात. प्लास्टिकवर सही कशी करणार? डुप्लिकेटसाठी अर्ज, हमीपत्र, कमिटीची बैठक अशात सहा आठवडे गेले. खरेदीदार थांबला, पण रोज फोन करत थांबला.

नावं अक्षर अक्षर जुळवा. करारात ‘सुमन’, आधारवर ‘सुमती’, शेअर सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं आडनाव, असा गोतावळा मुंबईतल्या निम्म्या घरांत आहे. एका व्यक्तीचीच ही नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आधीच तयार ठेवली तर बँकेचा वकील पुढे जातो.

जुने करार वेगळे काढा. ताबा देणाऱ्या करारावर पूर्ण मुद्रांक शुल्क लागायला १० डिसेंबर १९८५ पासून सुरुवात झाली. त्याआधीचे करार पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर असत आणि ते तेवढ्याने चालतात. त्यानंतरच्या एखाद्या करारावर शुल्क कमी भरलं असेल तर फरक आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड पडतो. मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात रक्कम ठरवून घेऊन भरा आणि तो शिक्का फाइलला लावा. चेनमध्ये तीस वर्षांपूर्वीची दुसऱ्याची चूक असली तरी आज ती निस्तरायची तुम्हालाच.

मूळ करार हरवला असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत, याच क्रमाने जा. ‘झेरॉक्स आहे ना’ हे उत्तर बँकेत चालत नाही.

तपासा: मुद्रांक व नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या फ्लॅटचा इंडेक्स टू शोधून बघा. खरेदीदाराचा वकील शोध घेणारच आहे. त्याला जे सापडेल ते तुम्हाला आधी माहीत असावं.

## २. मालक नक्की कोण?

सगळ्यात लांबणारा आणि घरात सगळ्यात कटुता आणणारा टप्पा हाच.

वडील गेले, शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव चढलं आणि थोरला म्हणतो, ‘घर माझ्या नावावर आहे.’ तसं नसतं. नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा सांभाळणारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायदाही त्याला तात्पुरता सभासदच म्हणतो. हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळे सारखे वाटेकरी. लग्न होऊन गेलेली बहीणही त्यात आली. आजीला लोक हमखास विसरतात.

वाटेकऱ्यांनी एकाच्या नावे हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र लिहून ते नोंदवावं लागतं. जवळच्या नात्यात मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडपत्राला शुल्क किरकोळ आहे. घोळ नोटरीकडे केलेल्या कागदामुळे होतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दुसरा पर्याय म्हणजे सगळ्या वारसांनी विक्रेते म्हणून करारावर सही करायची आणि पैसे आपापल्या खात्यात घ्यायचे. भावंडांत थोडा जरी अविश्वास असेल तर मी हाच सुचवतो. ‘दादा घेईल आणि वाटेल’ या वाक्यापुढे पाच वर्षांचा अबोला मी आमच्याच इमारतीत बघितला आहे.

मृत्युपत्र असेल तर ते कोर्टात सिद्ध करून घ्यावं लागेल की नाही, याचं उत्तर वकिलाकडून लेखी घ्या, आणि टोकनच्या आधी घ्या. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर त्याचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत घर बाजारात आणूच नका.

परदेशातला मालक किंवा वाटेकरी मुखत्यारपत्राने सही करू शकतो. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टील, म्हणजे त्या देशाच्या सरकारने प्रमाणित, केलेलं हवं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावून घ्यावा. मजकुरात ‘विक्री करार, नोंदणी, रक्कम स्वीकारणे’ हे शब्द स्पष्ट हवेत. देणारा वारला की ते पत्र संपतं.

इशारा: ‘वहिनी सही करेल हो, घरचीच आहे’ यावर विसंबून टोकन घेऊ नका. सही झालेली डोळ्यांनी बघा, मग भाव बोला.

## ३. सोसायटी आणि खालची जमीन

एनओसीवरून, म्हणजे सोसायटीच्या ना हरकत पत्रावरून, भांडणं होतात ती दोन्ही बाजू अर्धं बरोबर असल्यामुळे. आदर्श उपविधींनुसार शेअर हस्तांतरासाठी सोसायटीची एनओसी लागत नाही. विक्रेत्याने १५ दिवसांची सूचना विहित नमुन्यात द्यायची, बस. पण खरेदीदाराला कर्ज देणारी बँक स्वतःच्या मसुद्यातली एनओसी मागते आणि तिच्याशिवाय धनादेश काढत नाही. सेक्रेटरीला उपविधी वाचून दाखवण्यात वेळ घालवू नका. बँकेचा मसुदा लवकर मागवा आणि कमिटीपुढे ठेवा.

कमिटी बहुधा महिन्यातून एकदा बसते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दिलेलं पत्र एक महिना पडून राहतं. तारीख विचारा, चार दिवस आधी पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. हे मी टेबलाच्या पलीकडे बसून सांगतोय.

हस्तांतर प्रीमियमची, म्हणजे विक्रीच्या वेळी सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकापासून ती तशीच आहे. ‘इमारत निधी’, ‘रंगकाम देणगी’ अशा नावाने जास्त मागितलं तर मागणी लेखी द्या म्हणायचं. लेखी म्हटलं की बरीच देणगी विरघळते. नाहीच विरघळली तर तुमच्या वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर नव्या खरेदीदाराला सभासद मानून घेण्याची तरतूदही सहकार कायद्यात आहे.

जमिनीचं काय ते आधीच बघा. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची किंवा वर्ग २ ची, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हाडाच्या घराला म्हाडाची. या परवानग्यांना महिने लागतात आणि कुणी ‘आतून’ करून देतो म्हणाला तरी लागतात. इमारतीला ओसीच नसेल तर एकट्या विक्रेत्याच्या हातात फार काही नसतं. पहिल्याच भेटीत खरेदीदाराला सांगा. लपवलं तर बँकेच्या तपासणीत बाहेर येणारच, तेही टोकननंतर.

## ४. तुमचं स्वतःचं कर्ज

घरावर कर्ज असेल तर बँकेकडून दोन कागद घ्या: बाकी रकमेचं फोरक्लोजर लेटर आणि बँकेकडे कोणकोणते मूळ कागद आहेत त्याची यादी, म्हणजे लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स. ही यादी तुमच्या फाइलशी ताडून बघा. पंधरा वर्षांपूर्वी दिलेला एखादा करार यादीत नसतो, आणि तो शोधायला बँकेला वेळ लागतो. फोरक्लोजर लेटर थोड्या दिवसांपुरतंच असतं, कारण रोजचं व्याज चढतं. ते फार आधी काढू नका.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून केली आहे. उशिराला बँकेने कर्जदाराला रोज ५,००० रुपये द्यायचे. तक्रारीच्या पत्रात हा नियम लिहिला की शाखेचा सूर बदलतो.

## ५. टोकन: कमी घ्या, लिहून घ्या

लोकांना वाटतं, जास्त टोकन म्हणजे पक्का गिऱ्हाईक. मला उलट वाटतं. मोठं टोकन घेतलं की ते नव्या घराच्या बुकिंगला जातं. मग सौदा फिसकटला तरी परत द्यायला पैसे नसतात, आणि समोरचा म्हणेल तसं नाचावं लागतं. एक-दोन लाख घ्या, वेगळ्या खात्यात ठेवा, हात लावू नका. रोख नको. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोखीने घेणं आयकर कायद्याला चालत नाही.

टोकनची दोन पानी नोंद करा. तिच्यात एकच गोष्ट जिवापाड सांभाळा: तारखा देऊ नका, घटना द्या. ‘३१ मार्चपर्यंत ताबा’ असं लिहिलं की मार्चमध्ये कमिटीचे दोघे गावाला गेले तरी दोषी तुम्ही. त्याऐवजी असं लिहा (सँक्शन लेटर म्हणजे बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र):

‘सोसायटीची एनओसी आणि खरेदीदाराच्या बँकेचं सँक्शन लेटर, यांतलं जे नंतर येईल त्यापासून २१ दिवसांत करार नोंदवायचा. नोंदणीपासून ४५ दिवसांत उरलेली पूर्ण रक्कम. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यापासून ७ दिवसांत ताबा.’

जोडीला बाहेरची एक हद्द: अमुक इतक्या दिवसांत करार नोंदवला गेला नाही तर कुणालाही बाहेर पडता येईल, टोकन इतक्या दिवसांत बिनव्याजी परत. खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं तर काय, हेही तिथेच लिहा. ब्रोकर म्हणेल, एवढं लिहायची पद्धत नाही. पद्धत नाही म्हणूनच हा लेख लिहावा लागतोय.

## ६. नोंदणी आणि पैसे, याच क्रमाने

खरेदीदाराचा वकील चौदा दिवसांची जाहीर सूचना देईल. देऊ द्या. ती मुदत संपेपर्यंत बाकीची कामं उरकतात.

मग क्रम असा:

१. कराराचा मसुदा तुमच्या वकिलाने वाचलेला आणि खरेदीदाराच्या बँकेने मान्य केलेला.

२. सँक्शन लेटर तुमच्या हातात, त्यावरची मुदत वाचलेली.

३. खरेदीदाराचा स्वतःचा वाटा तुमच्या खात्यात. स्क्रीनशॉट नव्हे, तुमच्या बँकेत दिसणारी शिल्लक.

४. खरेदीदाराने मुद्रांक शुल्क भरणं आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी. मूळ आधार, पॅन आणि दोन साक्षीदार न्या. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, म्हणून सकाळची वेळ घ्या. कार्यालयात बसायला जागा मिळेलच असं नाही.

५. बँकेचा धनादेश आणि तुमचे मूळ कागद यांची देवाणघेवाण एकाच टेबलावर.

६. रक्कम जमा झाल्यावर चावी.

तिसरा आणि चौथा टप्पा उलटा करायची विनंती हटकून येते: ‘आधी रजिस्ट्रेशन करू, पैसे दोन दिवसांत टाकतो.’ नाही म्हणा. नोंदलेला करार इंडेक्स टूवर चढतो. पैसे आले नाहीत तर तो करार रद्द करायला रद्दलेखही नोंदवावा लागतो, आणि त्यावर समोरच्याचीही सही लागते. तो सही देईना तर घर तुमचंच, पण विकता येत नाही. खरी कोर्टाची पायरी इथून सुरू होते. म्हणून करारात कलम घाला: ठरल्या मुदतीत रक्कम न आल्यास खरेदीदाराने १५ दिवसांत रद्दलेखासाठी हजर व्हायचं, अमुक रक्कम कापून बाकी परत.

तपासा: ५० लाख किंवा जास्त किमतीला खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. ती रक्कम तुमच्याच पॅनवर जमा झाली का ते आयकराच्या संकेतस्थळावर बघा. पॅनचा एक आकडा चुकला की तुमचे लाखभर रुपये भलत्याच्या खात्यात दिसतात. विक्रेता अनिवासी असेल तर कपात बरीच मोठी असते. कमी कपातीचा दाखला नोंदणीच्या आधी काढा.

भांडवली नफ्याचा कर आणि दुसरं घर घेऊन मिळणारी सूट यासाठी सीएकडे नोंदणीच्या आधीच जा, पैसे आल्यावर नको. दुसरं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घ्यायचं, बांधत असाल तर तीन वर्षांत, एवढं लक्षात ठेवा.

## ७. दबाव आला की

दबाव ठरावीक वाक्यांनी येतो. वाक्य ओळखलं की निम्मा उतरतो.

‘सँक्शन संपतंय, आजच सही करा.’ सँक्शन लेटरवर मुदत छापलेली असते. ती वाचून दाखवायला सांगा.

‘तुमच्यामुळे दोन महिने गेले, पाच लाख कमी करा.’ हे बहुधा नोंदणीच्या आदल्या आठवड्यात येतं. टोकनच्या नोंदीतली कलमं दाखवा. उशीर कुणाच्या कागदाने झाला याची तारीखवार यादी तुमच्याकडे असेल तर बोलणं तिथेच थांबतं. ही यादी पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहा: पत्र कधी दिलं, पोच कधी, बँकेने काय मागितलं, कधी दिलं.

‘चावी द्या हो, एक दिवस वास्तुशांती करून घेतो, मुहूर्त चांगला आहे.’ सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पूजा झाली, तीर्थप्रसाद आम्हीही घेतला आणि संध्याकाळी दाराला नवं कुलूप. उरलेले पैसे यायला पुढे चौदा महिने लागले. ‘फर्निचरचं माप घेतो’ म्हणणाऱ्याला माप घेऊ द्या, तुम्ही समोर उभे राहून.

जाहीर सूचनेवर कुणी हरकत घेतली किंवा नोटीस आली तर फोनवर एक शब्दही बोलू नका. हरकतीसोबत कागद आहे का ते वकिलाला बघू द्या. दावा चालू आहे असं कुणी म्हणत असेल, तर महाराष्ट्रात त्या दाव्याची सूचना नोंदलेली आहे का हा पहिला प्रश्न. नुसत्या धमकीने विक्री थांबत नाही. खऱ्या दाव्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही.

घरात नियम करा: सौद्याबद्दल एकच माणूस बोलेल. आईला परस्पर फोन आला तर तिने ‘मुलाशी बोला’ म्हणून ठेवून द्यायचा. कुठल्याही नव्या मागणीला २४ तास उलटल्याशिवाय हो म्हणायचं नाही, आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर. तोंडी दिलेला होकार समोरचा लक्षात ठेवतो, तुमची अट विसरतो.

आणि तुमचा स्वतःचा दबाव. नव्या घराचा हप्ता या विक्रीच्या पैशांवर लावला असेल तर खरेदीदाराला ते कळू देऊ नका, ब्रोकरलाही नाही. शक्य असेल तर नव्या घराची तारीख विक्रीच्या अंदाजापेक्षा तीन महिने पुढे घ्या.

## ८. चावी देताना

ताबापत्र दोन प्रती. त्यावर तारीख, किती चाव्या दिल्या, लाइटच्या मीटरचं रीडिंग, गॅसच्या मीटरचं रीडिंग, घरात मागे ठेवलेल्या वस्तू: तीन पंखे, गीझर. मोलकरणीला दिलेली जादा चावी परत आली का तेही बघा. मीटरचा फोटो काढा. खरेदीदाराची सही घ्या. सोसायटीला पत्र द्या की या तारखेनंतरचा मेंटेनन्स त्यांच्याकडून घ्यावा, आणि त्याचीही पोच घ्या.